गणू तांडेल आणि मोटारीचा नांगर

अन्याय झाला तो गणू तांडेलावर. यंदाच्या गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळची संगमेश्वरची मोटार सुटायच्या वेळी, भर मोटारथांब्यावर. बघायला निम्मी रत्नागिरी हजर होती, आणि त्या निम्म्या रत्नागिरीने तोंडातून ब्र काढला नाही. मी तिथे होतो म्हणून लिहितो. ऐकीव काही नाही.

तांडेल माझा शेजारी. आमच्या परड्याचा दगडी गडगा संपतो तिथून त्याचे परडे सुरू होते. तुम्ही त्याला ओळखताच. मोटार सुरू करण्यापूर्वी बोट तोंडात घालून ओले करणारा आणि ते वर धरून वारा कुठचा आहे ते बघणारा दुसरा ड्रायव्हर या जिल्ह्यात नाही. मोटारीला वाऱ्याचे काय, असे कोणी विचारले तर तो विचारणाऱ्याला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळी आणि म्हणे, "तू बस. बसलेल्यानं वारा विचारू नये."

एके काळी त्याचा स्वतःचा शिडाचा मचवा होता. आगबोटी सुरू झाल्या, उतारू तिकडे गेले, मागोमाग माल गेला, आणि मचवा वाळूत पालथा पडला. तेव्हा गणू तांडेलाचा ड्रायव्हर झाला. पण ही गोष्ट त्याने स्वतःला कधी कळवली नाही. मोटारीच्या चाकाला तो सुकाणू म्हणे, थांब्याला बंदर म्हणे, ब्रेकला नांगर म्हणे. टायर फुटला की खाली उतरून मोटारीकडे पाठ करी, समुद्र असेल त्या दिशेला तोंड करी आणि मोठ्याने म्हणे, "याच्यापरीस दर्या बरा!" पाऊस लागला, दर्या बरा. उतारूने सुटे पैसे दिले नाहीत, दर्या बरा. माझी पत्रके मी त्याच्या हातात दिली की तीही चुलीत घालून तेच. "पुढारी, तुझा कागद पेटतो चांगला," एवढी एक पावती मला मिळे. आमच्या चळवळीला मिळालेली ती बहुधा सर्वांत प्रामाणिक पावती.

मोटार शेटची. कुठल्याशा संस्थानिकाने वापरून टाकलेली गाडी शेटने विकत घेतली, तिच्या पाठीत बाके ठोकली आणि रस्त्यावर सोडली. त्या बाकांवर माणसे कशी बसवायची हे तांडेल ठरवी. होडीत माल भरताना दोन्ही बाजूंचा तोल बघतात तसा तो उतारूंचा तोल बघे. जात नाही, हुद्दा नाही, वजन! जाड्या सावकाराच्या समोर त्याच्याच आकाराची मासळीवाली, तिच्या टोपलीसकट. मास्तर शिडशिडीत, म्हणून ते पोत्यांच्या बाजूला. "सरका, साहेब. गाडी डावीकडं कलते हाय." आम्ही सभा भरवून, ठराव करून, घसे फोडून जे वर्षानुवर्षे साधले नाही ते हा माणूस रोज सकाळी शिव्या देऊन साधत होता. त्याला त्याचे काही नव्हते. गाडी सरळ बसली की झाले.

आता ब्रेकचे पट्टे. मोटारीच्या चाकात हे पट्टे बसवलेले असतात. ते चाकाच्या लोखंडी डब्याला आतून घासतात आणि मोटार थांबते. झिजले की नवे बसवायचे. पहिल्यांदा झिजले तेव्हा शेटने मुंबईहून आगबोटीने नवे मागवले. जाड विणीचे, आतून पितळी तार गेलेले. तांडेलाने ते हातात घेतले, वास घेतला, दातांनी चावून बघितले आणि त्याचा चेहरा पडला.

"कोरडे हायत," तो म्हणाला.

बंदरावर वाढलेल्या माणसाचे शास्त्र असे, की नवी वस्तू कोरडी दर्यात न्यायची नाही. जाळे असले तर ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळायचे, फळी असली तर मुशी माशाचे तेल पाजायचे. तांडेलाने पट्ट्यांना दोन्ही केले. आधी काढा, मग मुशीचे तेल, मग ऊन, मग पुन्हा तेल. वासाने आमच्या आळीत जेवण जाईना. शेवटी ते तुकतुकीत, काळेभोर, माशासारखे बुळबुळीत पट्टे त्याने स्वतःच्या हाताने चाकांत बसवले, नारळ फोडला, आणि मोटार घेऊन बंदराच्या उताराला लागला.

ती मोटार थांबली ती समुद्रात. धक्क्याच्या बाजूच्या घसरणीवरून सरळ पाण्यात, कण्यापर्यंत. सुदैवाने आत तो एकटा होता. लोक धावले तर तांडेल सीटवर उभा राहून खणखणीत आवाजात हुकूम सोडत होता, "नांगर टाका! नांगर!" भरती येत होती. बैल जुंपून मोटार ओढेपर्यंत बंदरावरचा एकही माणूस हसायचा राहिला नाही.

पण त्या दिवसापासून गणू तांडेल ब्रेकच्या बाबतीत झपाटला. देवाधर्माचे त्याला विशेष नव्हते. आता ब्रेक हाच देव. मोटार उभी राहिली की चाकाखाली डोके. दुसऱ्यांदा पट्टे झिजले तेव्हा त्याने शेटला सांगितले, "या खेपेला मी पारखून देईन." शेटने तीन प्रकार आणून समोर टाकले. एक, चांभाराने शिवलेले म्हशीच्या चामड्याचे. दुसरे, भाताच्या गिरणीत झिजलेला यंत्राचा पट्टा कापून केलेले. आणि तिसरे ते मुंबईचे विणीचे, महाग.

त्याने पारख कशी केली ते मी गडग्यावर बसून पाहिले. मचव्याचा जुना लोखंडी नांगर त्याने घरच्या विहिरीवर नेला. विहिरीवरच्या रहाटाच्या लाकडी कण्याला नांगराची दोरी गुंडाळली, नांगर विहिरीत लोंबता सोडला, आणि एक पट्टा त्याच कण्याभोवती वेढून दोन्ही टोके मुठीत घट्ट धरली. मूठ सैल केली की नांगर खाली सुटे. आवळली की थांबला पाहिजे. थांबला तर पट्टा चांगला.

"अवो, पिण्याचं पाणी हाय ते!" त्याची बायको जानकी ओरडली.

"तुझं पाणी कुठं जात नाय. गाडी जाते."

"मग गाडीच प्या!"

चामड्याने नांगर धरला, पण किंचाळून, आणि जळक्या वहाणेचा वास सुटला. ओले केल्यावर धरीनाच. गिरणीच्या पट्ट्याने पहिल्यांदा झकास धरला. तांडेल माझ्याकडे बघून हसला. पुन्हा सोडला, पुन्हा धरला. मग घासून घासून पट्टा तापला, त्याच्या मुठी पांढऱ्या झाल्या तरी नांगर हळूहळू, मग भसकन खाली गेला, आणि विहिरीतून उडालेल्या पाण्याने काठावर भांडायला वाकलेली जानकी नखशिखान्त भिजली. तिने जे शब्द वापरले ते छापण्याजोगे नाहीत. सरकारविरुद्ध मी याहून सौम्य लिहितो आणि तरी जप्ती येते.

मुंबईच्या पट्ट्याने मात्र दर वेळी धरला. गार असो, गरम असो.

"हेच," तांडेल शेटकडे जाऊन म्हणाला. "दुसरे बसवशील तर थंड्या गाडीला ठीक. बावनदीच्या उतरणीला तापले की मेले."

शेट गोड माणूस. आवाज कधी चढत नाही. "तांडेल," तो म्हणाला, "आपल्याला गाडी विहिरीत सोडायची नाही."

"माणसं सोडायची हायत काय?"

"वर देव आहे ना?"

"देवाच्या पायात बी पट्टा गिरणीचाच घालशील तू, शेट."

शेट हसला, आणि गिरणीचे पट्टे बसवले.

यावर गणू तांडेलाने काय केले? नोकरी सोडली नाही. अर्ज केला नाही. पत्रक तर नाहीच, ते माझे काम. संगमेश्वरच्या वाटेवर बावनदीची उतरण सुरू होते तिथे, माथ्यावर, त्याने मोटार उभी केली आणि म्हणाला, "उतरा. चालत जा. खाली भेटू."

भर उन्हात. वऱ्हाड उतरले, नवरी शालू सावरत उतरली, मासळीवाल्या उतरल्या, कोर्टाच्या तारखेला निघालेले एक वकीलसाहेब काळा कोट आणि छत्री घेऊन उतरले. मीही होतो. सगळे पायी खाली. आमच्यामागून रिकामी मोटार पहिल्या गिअरात मुंगीच्या पावलाने, आणि आत एकटा तांडेल, दात आवळून. असे रोज. लोक चिडत, ओरडत, तिकिटाचे निम्मे पैसे परत मागत. "पैसे शेटकडं मागा. जीव माझ्याकडं हाय," हे उत्तर.

पाडव्याच्या दिवशी वकीलसाहेबांच्या मातोश्री बरोबर होत्या. फार म्हाताऱ्या, सोवळ्या, दमेकरी. त्या माथ्यावरच खाली बसल्या. वकीलसाहेब म्हणाले, "आईला तरी गाडीत राहू दे." तांडेल म्हणाला, "तिला तर नायच ठेवणार." आणि आम्ही काही म्हणायच्या आत त्याने त्या माउलीला पाठुंगळी घेतले आणि उतरण उतरायला लागला. जातीचा खारवी, अंगाला तेलाचा, घामाचा वास, आणि पाठीवर ब्राह्मणाची सोवळी बाई! वकीलसाहेब मागून छत्री उगारत धावताहेत, "अरे, शिवलास! शिवलास!" आणि म्हातारी त्याच्या खांद्यावरून पुढे बघत म्हणत होती, "जपून रे बाबा, डावीकडे दगड आहे." तिला खाली सावलीत बसवून तो पुन्हा चढण चढून वर मोटारीकडे गेला.

तिने घरी जाऊन आंघोळ केली असेल. तिचे मला काही म्हणायचे नाही. पण मुलाने रत्नागिरीला परत येऊन त्याच संध्याकाळी शेटचे घर गाठले. तक्रार ब्रेकची नव्हे, स्पर्शाची! शेटला हवे ते आयते मिळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी, तांडेल बोट ओले करून वर धरतो आहे, तोच शेट म्हणाला, "तांडेल, उतर. गाडी दुसरा नेईल." कोल्हापूरकडचा एक तरतरीत ड्रायव्हर तयारच होता.

तांडेल उतरला. त्याने उतारूंकडे पाहिले. ही सगळी त्याने रोज चालवलेली, म्हणून रोज पोचलेली माणसे. "पट्टे बदललेत काय?" त्याने विचारले. शेटने नव्या ड्रायव्हरला वर चढायची खूण केली. उतारू बाकांवर सरकून बसले. वकीलसाहेब घड्याळ काढून म्हणाले, "अहो, चला लवकर. उशीर होतो आहे." मी ओरडलो. माझे ओरडणे या गावाच्या सवयीचे झाले आहे. मोटार सुटली, आणि बावनदीची उतरण उतारूंसकट उतरली. त्या दिवशी काही झाले नाही. आजवरही झालेले नाही. या भाग्यावर शेटचा धंदा चालू आहे.

तांडेल घरात दिसेना. जानकीला विचारले तर ती भांडी आपटत म्हणाली, "भाऊ, मला इचारू नका. बावनदीला बसलाय. दर्या सोडून डोंगरात! घोवाला माझ्या भूत लागलंय."

मी गेलो. उतरणीच्या सर्वांत वाईट वळणावर, जिथे रस्ता वळतो आणि समोर कडा आहे आणि खाली नदी, तिथे कड्याच्या बाजूला वाळूचा मोठा ढीग होता आणि त्यावर गणू तांडेल टोपली उपडी करत होता. नदीतली वाळू. खालून वर, डोक्यावरून. शेजारी पेंढ्याची खोप. माणूस अर्धा राहिला होता.

"हे काय तांडेल?"

"रुतंल," तो म्हणाला. "गाडी सुटली तर हितं येऊन रुतंल. कड्यावरनं जायची नाय." मग चिडून, "सडकेवरचा मिस्त्री येतो नि वाळू काढ म्हणतो. त्याच्या आयशीला दाखव म्हटलं सडक."

"पण ही माणसं तुमच्यासाठी एक शब्द बोलली नाहीत. त्यांच्यासाठी?"

"माणसं कसली, ओंडके," तो म्हणाला. "ओंडके भरले तरी बंदरात पोचवायचे असतात."

मी त्याला घरी चल म्हटले. तो नाही म्हणाला. मग आपण होऊनच म्हणाला, "हितं रातचं काय वाजतच नाय रे. कान नुसते उघडे राहतात." समुद्राच्या आवाजात जन्म काढलेला माणूस. तिथे त्याला झोप नव्हती, आणि घरी गेला तर वळण मोकळे पडणार होते.

इतक्यात वरून भोंगा वाजला. मोटार येत होती, भरगच्च. तांडेल उठून ढिगाच्या बाजूला उभा राहिला. वळणावर ती आली तेव्हा चाके किंचाळत होती. आतल्या लोकांनी त्याला पाहिले आणि माना फिरवल्या. वकीलसाहेब वर्तमानपत्र वाचू लागले. मला मात्र दंडाला काही झोंबते आहे असे वाटले, म्हणून खाली पाहिले. तांडेलाने माझा दंड धरला होता. त्याला ते माहीत नव्हते. मोटार पूल ओलांडेपर्यंत त्याने तो सोडला नाही, आणि सोडला तेव्हा माझ्या कातडीवर त्याची बोटे उठलेली होती.

"गेले," तो म्हणाला, आणि टोपली उचलून नदीकडे उतरू लागला.

वाचकहो, मला तुमची हळहळ नको आहे. मोटार उद्या सकाळी सुटणार आहे. थांब्यावर या. चढू नका. वकील असा, मासळीवाली असा, चढू नका. शेटला चाक काढायला लावा, आत काय बसवले आहे ते आपल्या डोळ्यांनी बघा, नवे पट्टे बसेपर्यंत मोटार जागची हलू देऊ नका. आणि ते बसले की बावनदीला जाऊन तांडेलाला घरी घेऊन या.