पुठ्ठ्याच्या अक्षरांस जलसमाधी दिली त्याची हकीकत

जी माउली वीणा मांडीवर घेऊन मुक्यास वाचा देते, तिचे पायी मस्तक ठेवून, आणि हरिदासांचे हातचा बुक्का कपाळी लावून लिहितो. श्रोते हो, दूर का बसलात? सतरंजी पुढे ओढा, जवळ या. गोष्ट सांगतो. पराक्रमाची नव्हे, लाजेची आहे, म्हणोन मोठ्याने सांगवत नाही. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन मास; आणि संवत्सराचे नावाप्रमाणेच वर्तणूक या लिहिणाराचे हातून घडली.

राज्य तीन दालनांचे, दुसऱ्या मजल्यावर वसलेले, पूर्वेस गॅलरी, पश्चिमेस न्हाणीघर, ऐसी चतुःसीमा. गादीवर शाल्मलीबाईसाहेब, वय वर्षे साडेचार, आमचे चिरंजीवांची कन्या. चिरंजीव व सूनबाई नित्य चाकरीचे मोहिमेवर जात, आणि दिवसा कारभार आम्ही आजोबा व आमची धाकटी बहीण वेणूताई ऐसे दोघे पाहात असू. ताईंस बाईसाहेब माई म्हणत, म्हणोन आम्हीही माईच लिहितो. माईंनी तीस वर्षे बालवाडी चालविली होती, आणि माँटेसरी पद्धत त्यांस मुखोद्गत. त्या म्हणत की पोराचे बोटांत पेन्सिल धरण्याचे बळ येण्याआधीच शब्द मनात गर्दी करितात, त्यांस वाट द्यावी. अक्षरे सुटी कापून हाती द्यावी, म्हणजे पोर ती उचलून आपले मनीचा शब्द आपण मांडते. आणि मग माईंनी मिठाईची खोकी जमवून, कात्री चालवून, व्यंजने लाल आणि स्वर व काना-मात्रा निळ्या, ऐसी अक्षरांची फौज महिनाभरात उभी केली, आणि बाईसाहेब तीत रमोन गेल्या.

तों नवरात्री राममंदिरी कीर्तन मांडले. बुवांनी निरूपण केले की अक्षर हेच ब्रह्म, त्यास पाय लागो नये. ऐकोन आमचे डोळां पाणी आले, आणि तेच डोळे पुसत घरी येतो तों काय पाहिले? सतरंजीवर अक्षरे विखुरली, बाईसाहेब मध्ये बसल्या, एका हाती अर्धी चकली, आणि टाचेखाली ळ. आम्ही गर्जलो, “ऊठ! अक्षरावर पाय देतेस? आणि उष्ट्या हातांनी?” बाईसाहेबांची चकली हातातच राहिली. माई म्हणाल्या, “अरे दादा, हळू! तिनं आत्ता पहिल्यांदा आपल्या मनानं चार शब्द लावलेत. बघ तरी.” आम्ही म्हणालो, “काय बघू? पेढ्याच्या खोक्यात सरस्वती कोंबलीस, वेणू!” माई म्हणाल्या, “लहान मुलाकडे यायची तर सरस्वतीही रांगतच येते रे.” आणि आम्ही न पाहताच दोन्ही हातांनी सारी अक्षरे गोळा करून पंच्यात बांधली. श्रोते हो, येथे लेखणी अडते. चार शब्द कोणते होते, ते आम्ही पाहिले नाही.

मग दुसरे दिवशी, अक्षर केरात टाकणे पाप, सबब नदीत सोडणे पुण्य, ऐसी अक्कल चालवून, हळदकुंकू नारळासह घाटावर गेलो आणि पंचा सोडिला. परंतु पुठ्ठा बुडेना. लाल निळी अक्षरे पाण्यावर पसरली आणि काठाकडेच परतो लागली. आणि आम्ही काठी घेऊन त्यांस आत ढकलिले. तेथे एक इसम रिक्षा धूत होता, तो ओरडला, “ओ काका, कचरा काय टाकताय नदीत?” आम्ही म्हणालो, “कचरा नव्हे बाबा, ब्रह्म आहे.” तो म्हणाला, “मग घरी ठेवा की!” घरी आलो तों माईंनी पिशवी भरली होती. भांडल्या नाहीत, एवढेच म्हणाल्या, “दादा, मला माझ्या खोलीवर जाऊ दे,” आणि नदीपलीकडील आपले गावी निघोन गेल्या.

आम्ही केरोबा सुतारास आधीच सांगून सागवानी अक्षरे करविली होती. केरोबांनी पुसले होते, “काका, काना-मात्रा सुट्या करू ना?” आणि आम्ही म्हटले होते, “नको, शोभा जाते.” दसऱ्यास ती अक्षरे पाटावर मांडोन गंधफूल वाहिले आणि बाईसाहेबांस म्हणालो, “घ्या आता, खेळा.” त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि पुसले, “आजोबा, ही देवाची आहेत ना? मग नको.” त्यानंतर बारा दिवस त्यांनी एकही अक्षर शिवले नाही. दुकानावरची पाटी दाखविली तरी मान फिरवीत. जे पोर शब्दांसाठी जेवण विसरे, ते अक्षर पाहून भिऊ लागले, आणि ते भय आमचे हातचे.

तेराव्या दिवशी त्या म्हणाल्या, “माईला बोलवायचंय.” आम्ही फोन पुढे केला. “नको. मला लिहून बोलवायचंय.” मग सागवानी अक्षरांची पेटी उघडली, तों म आहे, काना नाही, य आहे, मात्रा नाही. “यात माई होतच नाही,” बाईसाहेब म्हणाल्या. तेव्हा या कारभाऱ्याने पुठ्ठा घेतला, भुईवर बसला, आणि कात्री धरली. एक म कापता घाम निघाला. बाईसाहेब म्हणाल्या, “तुमचा वाकडा झालाय. माईचा सरळ असतो.” आम्ही म्हणालो, “होय, माईचा सरळ असतो.” त्या जवळ सरकल्या, परंतु हात लावीनात. “पाय लागला तर?” “लागू दे.” “नमस्कार नाही करायचा?” “कर की. पण आधी शब्द लाव.” मग त्यांनी एकेक तुकडा उचलिला आणि मांडिले: माई ये. आम्ही डिंक आणिला, तों म्हणाल्या, “चिकटवायचं नाही! माई म्हणते, अक्षरं मोकळी असतात.” “मग तिला कळायचं कसं?” “तिला येतं लावता.” आणि पाच तुकडे पाकिटात घालोन रवाना केले.

आठवे दिवशी पाकीट परतले. आत आमचे पाचही वाकडे तुकडे, आणि दोन नवे: एक लाल त, एक निळी मात्रा, कडा ऐशा गुळगुळीत की ज्यांस काठीने ढकलिले ती सारी आठवली आणि मान खाली गेली. बाईसाहेबांनी सतरंजीवर सातही मांडिले आणि ओरडल्या, “आजोबा, माई येते!”

माई आल्या. आम्ही हात जोडिले, तों म्हणाल्या, “पुरे रे दादा. सगळी पुन्हा कापायचीत, बस इथं.” कापता कापता आम्ही पुसले, “वेणू, ते चार शब्द कोणते होते गं?” माईंनी कात्री थांबविली आणि म्हणाल्या, “ते तू बघायचे होतेस.” बाईसाहेबांस विचारिले, तर त्यांस आठवेना.

सारांश, कीर्तन कानी गेले, हाती उतरले नाही, इतकीच हकीकत. सागवानी पेटी केरोबांकडे काना-मात्रांस दिली आहे. तर श्रोते हो, एवढे मागणे: कोठे कथेत अक्षरब्रह्माचे निरूपण निघाले आणि डोळे भरोन आले, तर क्षणभर वेणूताई नामे बालवाडीच्या बाईंची आठवण करावी. आमची न केली तरी चालेल.