सतरा डब्यांतली तिवरं

कोकणातून येणाऱ्यांकडे लोक काजू मागतात, कोकम मागतात. आमचे तोडणकर काका खाडीतल्या तिवराच्या बिया मागतात. वर ताकीद: "सगळ्या एकाच झाडाखालच्या नको हां!"

चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत त्यांच्या दारापुढे तेलाच्या डब्यांत चिखल भरून सतरा तिवरं उभी आहेत. काका त्यांना खडेमीठ विरघळवलेलं पाणी घालतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, गेले कामातून! प्रत्येक डब्यावर ऑइलपेंटनं गाव लिहिलेलं: शिवडी, देवगड, आचरा, वेंगुर्ला. काका एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. साहेबांना तपासायला तिवराची पानं कुटून देता देता त्यांनाच नाद लागला.

"अहो, सगळी सारखीच तर दिसतात," मी एकदा म्हटलं.

"तू आणि तुझी बहीणपण सारख्याच दिसता. तिला कोळंबी पचते, तुझ्या अंगावर पित्त उठतं. आतलं वेगळं गो, आतलं! एकाला कीड लागली तरी दुसरं तगतं. सगळी एकाच आईची लावलीस तर एकाच दुखण्यात आटोपतील."

'आतलं वेगळं' हे ते कुणालाही ऐकवतात. समोरच्या जुळ्यांना तर रोज.

मात्र रोज सकाळी विचारपूस एकट्या आचऱ्याच्या डब्याची. "बरी आसस मा?" मला वाटायचं, लाडकं गाव असेल.

गणपतीआधी चाळीला रंग लागला. थोडा उरला होता आणि मला मेलीला उत्साह फार. काका चिखल आणायला शिवडीला गेलेले बघून मी सतराही डबे घासले, निळेशार रंगवले आणि उंचीप्रमाणे ओळीत लावले. काका आले. हातातली बादली खाली ठेवायचंही त्यांना सुचेना.

"आचरा खंय?"

तेव्हा कळलं. काकी वारल्या त्या वर्षी शेवटचं माहेरी गेल्या होत्या, आचऱ्याला. साडी खोचून खाडीत उतरल्या आणि यांच्यासाठी ती बी वेचून आणली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, कॉलेजात पानं देऊ या ना. तपासली की कळेल, कुठलं कुठल्या गावचं."

"कळात," काका म्हणाले. "पण पान तोडूचा लागात गो तिचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून पाहिलं. काका पहिल्या डब्याशी वाकले. "बरी आसस मा?" मग दुसऱ्याशी. मग तिसऱ्याशी. सतराव्या डब्यापर्यंत त्यांनी एकीलाही वगळलं नाही.