सोलांजबाईंचा गुरुवार

यजमानीणपण हे वकिलीइतकंच गंभीर शास्त्र आहे. फरक इतकाच, की यात समोरच्याला बोलतं करून वर जेवूही घालावं लागतं.

सोलांजबाई या शास्त्रातल्या पॅरिसमधल्या अधिकारी व्यक्ती. बावीस वर्षं दर गुरुवारी त्यांच्याकडे चौदा माणसं जेवायला येत. मंत्री, चित्रकार, घटस्फोटित जोडपी (मेजाच्या दोन टोकांना). बाई उठल्याशिवाय कुणी उठत नसे. त्या मेजावर दोन मंत्रिमंडळं आणि पाच लग्नं मोडली, असा लौकिक होता. मग नवऱ्याची बदली ठाण्याला पुलाच्या कामावर झाली आणि बाई तिथे कोलशेतला एकविसाव्या मजल्यावर आल्या.

शेजारच्या सुमतीबाईंनी शाळेत तेहतीस वर्षं फ्रेंच शिकवलं होतं, पण फ्रेंच माणूस पाहिला तो वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, लिफ्टमध्ये. (त्यांनी पहिल्या धड्याप्रमाणे हवामान विचारलं.) त्याआधी त्या फ्रेंच बोलत त्या स्वतःशीच, भांडी विसळताना. आता रोज चार वाजता चहाबरोबर सोलांजबाईंशी बोलत.

एके दिवशी सोलांजबाई म्हणाल्या, "सुमती, सहा महिने झाले. इथे कुणी माझ्याशी मनातलं बोलत नाही. एक गुरुवार जमवून बघते. नाही जमला, तर परत जाते. तिकीट काढलंय."

पुन्हा भांड्यांशी फ्रेंच बोलायचं सुमतीबाईंचं वय राहिलं नव्हतं. त्यांनी यादी केली, आमंत्रणं लिहिली आणि सवयीने शब्द घातले, 'संध्याकाळी अगत्याने यावे.' संक्रांत झाली होती, रथसप्तमी यायची होती. त्या दिवसांत बायकांना संध्याकाळी अगत्याने बोलावण्याचा ठाणे जिल्ह्यात एकच अर्थ होतो. ज्या बाईला कल्याणच्या माहेरी वाणात मिळालेल्या बोरांपासून एकाच वर्षी आलेल्या अकरा प्लॅस्टिकच्या गाळण्यांपर्यंत सगळं आठवतं, तिला नेमकं हे आठवलं नाही.

चौदा जणी आल्या. जरीच्या साड्या नेसून, एकदम. मेजावर पाच प्रकारचं जेवण यायचं होतं आणि प्रत्येक ताटलीशी आजेसासूच्या वेळचा चांदीचा चमचा होता. गोदाबाईंनी (पूर्वी मिठागरं, हल्ली तीन टॉवर) कोयरी बरोबरच आणली होती. नव्या घरात नसली तर खोळंबा नको. त्यांनी सोलांजबाईंना हळदीकुंकू लावलं, चमचा उचलला, पारखला आणि पर्समध्ये टाकला.

"चांगला जड हाय गो," त्या सुनेला म्हणाल्या. "नायतर तुझी आई. चाळणी दिली तिनं."

"आई, वाणाचं वजन करतात का?" ऋतिका म्हणाली आणि तिनेही आपला उचलला.

सूप येईपर्यंत चौदा चमचे गेले होते. "बसा ना," सुमतीबाई काकुळतीने म्हणाल्या.

"नको काकू, अजून तीन घरं आहेत," बँकेतली नीरजा म्हणाली. एकूण वेळ अकरा मिनिटं.

सोलांजबाई रिकाम्या मेजापाशी बसल्या. "उद्या निघते," त्या म्हणाल्या. सुमतीबाई न चाखलेलं सूप परत पातेल्यात ओतू लागल्या.

तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला. दोघी बाहेर गेल्या. चपलांच्या ढिगात चौदाही जणी उभ्या होत्या. नीरजा एका पायात सँडल घालून सांगत होती, की नवरा वर्षभर घरी बसून आहे. ऋतिका सासूच्या देखत सासूबद्दल बोलत होती आणि सासू मान डोलावत ऐकत होती. सोलांजबाईंना जागा करून दिली गेली. सुमतीबाई भाषांतर करत राहिल्या. एक तास पन्नास मिनिटं. तीन घरं राहिली ती राहिलीच.

पुढच्या गुरुवारी सोलांजबाईंनी बाहेर खुर्च्या मांडल्या. सगळ्या बसल्या आणि गप्प झाल्या. अकराव्या मिनिटाला उठून लिफ्टपाशी गेल्या, पायाने दार अडवलं आणि बोलायला लागल्या. खुर्च्या परत गेल्या. बाईंनी नवी पद्धत बसवली: पाहुण्यांना बसवायचं, सरबत द्यायचं आणि लगेच "या मग" म्हणायचं. पॅरिसमध्ये त्यांची कला पाहुण्याला उठू न देण्याची होती, इथे त्याला लवकर उठवण्याची आहे.

सोसायटीचे सेक्रेटरी प्रभाकरराव यांनी सूचना लावली: 'सभासदांनी निरोप पाच मिनिटांत आटोपावा.' त्यावरची सभा नऊ मिनिटांत एकमताने संपली. नंतर जिन्यात सव्वा तास कडाडून विरोध झाला. प्रभाकरराव स्वतः तिथे होते; गुडघ्याचं ऑपरेशन आपण भीतीपोटी टाळतोय, हे त्यांनी तिथेच प्रथम सांगितलं.

तिकीट रद्द झालं. सुमतीबाईंचं फ्रेंच आता इतकं सुधारलंय, की त्यात त्या शेजाऱ्यांची निंदाही करतात.

तुम्ही हसत असाल. परवा तुमच्याकडेही पाहुणे आले होते. सोफ्यावर बसून तुम्ही सांगितलंत, की मुलाचं तिकडे उत्तम चाललंय. मग त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेलात आणि चाळीस मिनिटं परतला नाहीत. मुलाचं खरं काय चाललंय, ते अख्ख्या मजल्याला माहीत आहे. आमची दारं बंद होती, पण आतून आम्ही सगळ्या कान लावून उभ्याच होतो.