सूर्य, साहेब आणि मेहुण्याचा कोट

"सूर्याचा फोटो ना? हा तर माझ्या डाव्या हातचा मळ!" असं मी भर मीटिंगमध्ये बोलून गेलो, तेव्हा दुर्बिणीला कोणत्या बाजूने डोळा लावतात हेही मला धड ठाऊक नव्हतं. पण मंडळी, जिभेला हाड नसतं!

झालं असं, की आमची कंपनी पाण्याचे पंप बनवते. दरवर्षी कंपनीच्या कॅलेंडरवर पंपाचा फोटो असतो. यंदा उन्हावर चालणारा पंप काढला, म्हणून साहेबांना कॅलेंडरवर सूर्य हवा होता. तोही विकतचा नको, आपल्या माणसाने काढलेला! सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझी तेवढी वर राहिली.

"सोमवारी फोटो दाखवा," साहेब म्हणाले. "नाही जमलं, तर यापुढे मीटिंगमध्ये तुम्ही फक्त चहा प्यायचा. बोलायचं नाही!"

बोलायचं नाही! मला जेवण बंद केलं असतं तरी चाललं असतं.

एका मित्राकडून दुर्बीण आणली. "पुढच्या तोंडावर हा फिल्टर लावल्याशिवाय सूर्याकडे रोखू नकोस, डोळा जाईल," त्याने बजावलं. रविवारी गच्चीवर मी तो फिल्टर बसवला आणि वर इतकी चिकटपट्टी गुंडाळली, की वारा काय, वादळ आलं तरी हलणार नाही. बायको शेजारी कपडे वाळत घालत होती.

"आणि वर ही पिटुकली दुर्बीण बसवलीय, तिला काही नको?"

"ती नुसती नेम धरायला असते. मी तिच्यातून बघणारच नाही!"

"तुम्ही नाही बघणार हो, पण ऊन जाईलच ना तिच्यातून?"

बायकांना विज्ञान कुठे कळतं, असा चेहरा करून मी कॅमेरा जोडला.

आता फिल्टर एवढा गडद, की सूर्य सोडून काहीच दिसत नाही. आणि सूर्यच सापडेना! वर टाळू भाजतेय आणि कॅमेऱ्यात मिट्ट काळोख! त्यात उन्हामुळे कॅमेऱ्याचा पडदाही नीट दिसेना. डोक्यावर घ्यायला काहीतरी काळं हवं होतं. धावत खाली गेलो. दारामागे मेहुण्याचा नवाकोरा काळा कोट लटकत होता. दुसऱ्या दिवशी त्याची नोकरीची मुलाखत होती, म्हणून तो आमच्याकडे मुक्कामाला आलेला. स्वारी आंघोळ करता करता उत्तरं पाठ करत होती, "माझा सर्वांत मोठा गुण म्हणजे शांत स्वभाव!"

मी कोट उचलला, गच्चीवर आलो आणि कोटासकट दुर्बिणीला बिलगलो. थोडं इकडे, थोडं तिकडे... आणि काय सांगू! काळोखातून तो गोल हळूच सरकत आला. खोटं कशाला सांगू, क्षणभर साहेब, कॅलेंडर, सगळं विसरलो. अंगावर काटा आला, तसंच बटण दाबून फोटो काढला.

"अहो, जळका वास येतोय!" बायको ओरडली.

"सूर्य आहे तो! जळणारच!"

"अहो, तुमच्या डोक्यातून धूर निघतोय!"

"एवढं डोकं चालवल्यावर निघणारच!"

पुढच्याच क्षणी माझ्या डोक्यावर ओली चादर सपकन आदळली. पिटुकल्या दुर्बिणीतून गेलेल्या उन्हाने आपलं काम चोख केलं होतं. कोटाच्या पाठीला रुपयाएवढं गोल भोक!

शांत स्वभावाच्या मेहुण्याने ते पाहिलं आणि तीन मजल्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "दाजीऽऽ!"

बायकोने त्याच्या हातातून कोट काढून घेतला. तिने कोट खिडकीतल्या उन्हासमोर धरला, मोबाइलवर भोकाचा फोटो काढला आणि मलाही पाठवला. "जपून ठेवा," ती म्हणाली. "यापुढे बढाई मारायला लागलात, की हा दाखवीन."

सोमवारी मेहुणा माझा लग्नातला कोट घालून गेला. त्यात तो आणि त्याचे दोन मित्र मावले असते. मी कॅमेऱ्यातला फोटो मोबाइलवर घेऊन साहेबांपुढे धरला. माझा सूर्य पांढराफटक, गुळगुळीत. साहेबांनी नाक मुरडलं. "हा चेंडू कशाला दाखवताय?" म्हणत त्यांनी बोट पुढे सरकवलं आणि खुर्चीतून उठलेच.

"वा! काळंकुट्ट आकाश! तांबूस कडा! आणि ही बाजूला उसळलेली ज्वाळा! हा लपवून काय ठेवलात?"

"साहेब, तो माझ्या मेहुण्याच्या..."

"मेहुण्याने मदत केली असेल, पण कला तुमची!"

मी तोंड उघडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ते आपणहून मिटलं.

मेहुण्याला नोकरी लागली, मी त्याला नवा कोट शिवून दिला. कॅलेंडर छापून आलं. लोक त्या ज्वाळेचं फार कौतुक करतात. तो कोटाच्या अस्तराचा दोरा आहे. पहिली प्रत बायकोने स्वयंपाकघरात, बरोबर माझ्या खुर्चीसमोर टांगली आहे. स्वतःविरुद्धचा पुरावा पाच हजार प्रतींत छापून घेणारा आरोपी बहुधा मी पहिलाच!