इंजिन रुळेपर्यंत

गाडी घेऊन बावीस दिवस झाले होते आणि गाडी धावली होती चौसष्ट किलोमीटर. त्याला कारणही तसंच होतं. चष्मेवाल्यांचं दुकान तळमजल्यावर आणि घर त्याच्या बरोबर डोक्यावर. घर ते दुकान हे अंतर एकवीस पायऱ्यांचं, आणि जिन्यावरून गाडी नेता येत नाही. बायकोने वीस वर्षं तगादा लावला, एका बेसावध क्षणी चष्मेवाल्यांच्या तोंडून 'बरं' निघून गेलं आणि गाडी दारात आली. आता ती दुकानासमोर उभी असायची. चष्मेवाले गिऱ्हाइकाला "खालची ओळ वाचा" म्हणायचे आणि स्वतः काचेतून गाडी न्याहाळत बसायचे. गिऱ्हाइकाने काय वाचलं याकडे त्यांचं लक्ष नसायचं.

बाविसाव्या दिवशी पलीकडच्या गल्लीतला गॅरेजवाला चष्म्याची सैल झालेली काडी घट्ट करून घ्यायला आला. जाताजाता त्याने गाडीत डोकावून मीटर पाहिला आणि तो उलट्या पावली परत आला.

"चौसष्ट? महिना होत आला ना?"

"जपून वापरतो," चष्मेवाले अभिमानाने म्हणाले.

"जपून? अहो, नवं इंजिन म्हणजे नवे बूट. घालून चालल्याशिवाय रुळत नाहीत. कपाटात ठेवलेत तर जन्मभर चावतात. महिन्याच्या आत हजार किलोमीटर झालेच पाहिजेत. साठच्या वर जायचं नाही, चाळिसाच्या खाली रेंगाळायचं नाही, आणि एकाच वेगाने तर मुळीच नाही. चाळीस, पन्नास, साठ, परत पन्नास. तेही मोकळ्या रस्त्यावर."

"आणि नाही झाले हजार तर?"

गॅरेजवाल्याने चष्मा कपाळावर ढकलला आणि डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं त्यांच्याकडे पाहिलं. "मग काय, कुंथत राहील बिचारी."

दुसरा कोणी असता तर त्याने हसून सोडून दिलं असतं. पण चष्मेवाले कुणाच्या नंबरात पाव चूक राहिली तरी जेवण न जाणारे गृहस्थ. त्यांनी त्याच दिवशी दुपारी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि बायकोला हाक मारली, "चल, फिरायला जाऊ."

बायको हरखली. लग्नानंतर हे वाक्य तिने दुसऱ्यांदाच ऐकलं होतं. शहराला वळसा घालून जाणारा रस्ता चांगला मोकळा होता. पहिली फेरी तिला फार आवडली. दुसऱ्या फेरीत ती गप्प झाली. तिसऱ्या फेरीत म्हणाली, "अहो, मघाशी हाच खांब होता ना?"

"असेल. खांब सगळे सारखेच दिसतात."

"आणि ती गोदामाच्या फाटकातली खुर्चीसुद्धा?"

त्या खुर्चीवर बसणारा पहारेकरी दुसऱ्या दिवशी रस्त्यात आडवा उभा राहिला. "साहेब, कालपासून बघतोय. कधी हळू, कधी जोरात, परत हळू. गोदामाची पाहणी चाललीय का?"

"इंजिन रुळवतोय."

"असं?" म्हणत त्याने गाडीचा नंबर तळहातावर लिहून घेतला.

घरी पोचल्यावर बायकोने जाहीर केलं, "मला गरगरतंय. यापुढे न्यायचं तर कुठेतरी न्या. पोचलं की उतरता येतं अशा ठिकाणी."

म्हणणं रास्त होतं. पण पोचायचं कुठे? चष्मेवाल्यांनी गिऱ्हाइकांकडे चौकशी सुरू केली.

"लांबचं दिसतं का?"

"जरा अंधुक."

"लांब कुठे जायचंय का?"

गिऱ्हाइकं गोंधळून जायची. एक बाई तर भिंग नाकावर तसंच ठेवून उठून गेल्या. अखेर वरच्या मजल्यावरचे मास्तर आले. मास्तर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीचे, एकटे. ते म्हणाले, "मला कुठे जायचंय? थोरली बहीण आहे एक. अक्का. सहा वर्षांत भेट नाही. एकशे वीस किलोमीटर बसने जायचं म्हणजे कंबर बोलते माझी."

जाऊन येऊन दोनशे चाळीस! चष्मेवाले काउंटरमागून धावत बाहेर आले आणि त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला. "मास्तर, बहीण म्हणजे काय कमी नातं झालं? उद्याच जाऊ."

मास्तरांचे डोळे भरून आले.

वाटेत मास्तर पुढच्या सीटवर होते. साठवर मान मागे, चाळिसावर मान पुढे. तासाभराने त्यांनी हळूच विचारलं, "गाडीला उचकी लागलीय का हो?"

"रियाज चाललाय तिचा," मागून बायको म्हणाली.

अक्का दारातच उभ्या होत्या. भावापेक्षा वर्षाने मोठ्या आणि वीतभर उंच. आयुष्यभर हॉस्पिटलात मेट्रन होत्या, त्यामुळे त्या प्रेमाने बोलल्या तरी ऐकणारा सरळ उभा राहायचा. त्यांनी भावाला पोटाशी धरलं, चहा केला, आणि पत्र्याच्या पेटीतून एक जुना फोटो काढला. बाकावर दोन मुलं. सारखेच झगे, सारखेच कापलेले केस. एक हसतंय आणि दुसरं भोकाड पसरून रडतंय.

"बघ, कसा रडतोयस," अक्का म्हणाल्या.

"मी? हसतोय तो मी. रडतेस ती तू."

"मी जन्मात रडलेली नाही!"

"मग फोटोत काय गातेयस?"

चहा निवला. अक्कांनी बशी आपटली, मास्तरांनी काठी आपटली. शेवटी अक्कांनी फोटो चष्मेवाल्यांपुढे धरला. "तुमचा धंदाच डोळ्यांचा. तुम्हीच सांगा."

चष्मेवाल्यांनी खिशातलं भिंग लावून पाहिलं. दोन्ही मुलं एका साच्यातली होती. 'सांगता येत नाही' एवढे तीन शब्द बोलले असते तर भांडण तिथेच मिटलं असतं. पण तोंडातून निघालं, "हा दुकानातल्या मोठ्या भिंगाखाली बघावा लागेल. आणि मग इथे परत आणून द्यावा लागेल."

बायकोने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं.

मोठ्या भिंगाखालीही काही ठरेना, तेव्हा दोन दिवसांनी फोटो परत द्यायला गेले. सोबत मास्तर होतेच, स्वतःच्या लहानपणाच्या फोटोंचं जाडजूड बाड पुराव्यादाखल मांडीवर घेऊन. अक्कांनी बाड उघडलंसुद्धा नाही. मास्तर चहा अर्धा टाकून गाडीत येऊन बसले. परतीच्या वाटेवर ते खिडकीबाहेर बघत पुटपुटत होते आणि चष्मेवाले चाळीस, पन्नास, साठ करत मनातल्या मनात शीळ घालत होते. रात्री अक्कांचा फोन आला. पेटीच्या तळाशी आणखी एक फोटो सापडला होता, येऊन बघा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तिसरी फेरी. त्या फोटोत दोन्ही मुलं पाठमोरी होती. तेव्हा अक्का खवळल्या, "पुरे झालं! मीच येते तुमच्या दुकानात. माझ्या डोळ्यांनी बघते त्या भिंगातून." आणि फोटोसकट पिशवी भरून गाडीत बसल्या.

घरी पोचले तेव्हा मीटरवर आठशे ऐंशी होते. महिना भरायला एक दिवस उरला होता. उद्या अक्कांना परत सोडलं की त्यांच्या दारातच हजार पुरे! एवढा चोख हिशोब तर देवानेही जमवला नसता, असं चष्मेवाल्यांना वाटलं.

सकाळी ते किल्ली खिशात टाकून वर गेले, तर मास्तरांच्या खोलीतून हसण्याचा आवाज. बहीणभाऊ एका ताटात खात होते.

"यावं, यावं," मास्तर म्हणाले. "अक्का आता महिनाभर इथेच राहणार."

"सहा वर्षांनी भाऊ सापडलाय," अक्का म्हणाल्या. "घरी जाऊन करू काय? भिंती बघू?"

चष्मेवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. एकशे वीस किलोमीटर हाताशी येऊन निसटत होते. मग त्यांनी तीस वर्षांच्या धंद्यात केलं नव्हतं ते केलं. अक्का गॅलरीत आल्या तेव्हा हळूच म्हणाले, "काल रात्री फोटो मोठ्या भिंगातून परत पाहिला. रडणाऱ्या तुम्हीच."

आता वीज कोसळणार म्हणून ते भिंतीला टेकले. अक्का सहज म्हणाल्या, "मी? असेन हो. लहान होते."

ही मात्रा लागू पडेना, तेव्हा त्यांनी मास्तरांना जिन्यात गाठलं. "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. रडणारे तुम्हीच."

"असेन, असेन," मास्तर प्रसन्नपणे म्हणाले. "हळवाच होतो मी."

चष्मेवाले पडलेल्या चेहऱ्याने खाली आले. दारात बायको कमरेवर हात ठेवून उभी.

"दोघांना दोन उत्तरं दिलीत. ऐकलं मी सगळं."

"हळू बोल."

"का हळू? एका इंजिनासाठी म्हाताऱ्या बहीणभावात काडी टाकताय! माझं गरगरणं दिसलं नाही तुम्हाला. आठवडाभर घरात चाळीस, पन्नास आणि साठ याखेरीज शब्द नाही. मी चालले माहेरी!"

माहेर साठ किलोमीटरवर. जाऊन येऊन एकशे वीस. चष्मेवाल्यांचा चेहरा सूर्यफुलासारखा उमलला.

"कधी निघायचं? आत्ताच निघू! किल्ली खिशातच आहे."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. घर सोडून जाणाऱ्या बायकोच्या नवऱ्याच्या तोंडावर काहीही असावं, पण हे असू नये. तिने पर्स उचलली आणि फक्त एवढंच म्हणाली, "बसने जाते."

आणि खरोखरच गेली.

चष्मेवाले काही वेळ उंबऱ्यात उभे होते. मग गाडी काढून त्यांनी बस गाठली. शहराबाहेर पडेपर्यंत बस पुढेच होती, मागच्या काचेत बायकोचा अंबाडा दिसत होता. मग रस्ता मोकळा झाला आणि बस सुटली. चष्मेवाल्यांनी जोर दिला. पन्नास. साठ. साठवर पाय आपोआप थबकला. अंबाडा लहान होत गेला, ठिपका झाला, ठिपकाही दिसेना. लांबचं न दिसणं म्हणजे काय ते त्यांना तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. त्यांनी दात आवळले आणि पाय दाबला.

पुढच्या थांब्यावर त्यांनी खिडकीतून डोकं काढून ओरडून सांगितलं, "अगं, चुकलं माझं!"

सगळी बस वळून बघायला लागली. कंडक्टरने विचारलं, "बाई, हे तुमचे का?"

"ओळखत नाही," बायको म्हणाली.

बस पुन्हा निघाली. मागच्या बाकावरचा एक प्रवासी मागे वळून बघत बसला होता. "अहो बाई, ओळखत नसाल तर नसाल, पण तो माणूस नव्वदने येतोय."

"शक्य नाही. ते साठच्या वर जात नाहीत."

"मग आपल्या बसला गाठलं कसं?"

बायको उठली आणि मागच्या काचेला नाक लावून तिने पाहिलं. केस विस्कटलेले, चष्मा एका कानावर, तोंडाने अखंड काहीतरी पुटपुटणं चाललेलं, आणि गाडी सरळ बाणासारखी. चाळीस नाही, पन्नास नाही. पुढच्या थांब्यावर ती उतरली.

"इंजिनाचं काय?" तिने गाडीत बसताना विचारलं.

"कुंथू दे."

ती खिडकीकडे तोंड करून हसली. मग म्हणाली, "माहेर आता पाच किलोमीटरवर आलंय. आईला भेटून, जेवूनच परत जाऊ. तुमचे हजारही होतील."

दुपारी साडेतीनला गाडी दुकानासमोर उभी राहिली तेव्हा मीटरवर बरोबर हजार होते. इंजिन कुंथत नव्हतं, मांजरासारखं गुरगुरत होतं. चष्मेवाले खाली उतरले आणि समोर पाहतात तो पायरीवर अक्का, बाजूला भरलेली पिशवी. दुसऱ्या टोकाला मास्तर, पाठ करून.

"मला आत्ताच्या आत्ता घरी सोडा," अक्का कडाडल्या.

"का? काय झालं?"

"फोटोत रडणारी मी आहे की नाही? तुम्ही स्वतः सांगितलंत. आणि हा म्हणतो, रडणारा मी!"

"मलाही त्यांनीच सांगितलं!" मास्तर वळून ओरडले. "हळवा मी होतो. तू दगड होतीस!"

"मी दगड? मी सकाळपासून आठवून आठवून डोळे पुसतेय. माझं रडणंसुद्धा याला स्वतःच्या नावावर हवंय!"

बायकोने दुकानाची किल्ली नवऱ्याच्या हातून काढून घेतली. "जा. दुकान मी बघते."

अक्का मागे बसल्या. "एकटी कशी जाशील," असं गुरगुरत मास्तरही मागेच बसले, मध्ये पिशवी ठेवून. चष्मेवाल्यांनी मनाशी म्हटलं, असू दे. आता इंजिन रुळलंय, ना चाळीस ना साठ. दीड तासात पोचवू आणि सुटू. रस्ता मोकळा लागताच त्यांनी मोठ्या समाधानाने पाय दाबला. सत्तर. ऐंशी.

"अहो, अहो!" मागून दोघं एकदम ओरडले. "पहिल्यासारखी चालवा ना! चाळीस, पन्नास, साठ. त्याचीच सवय झालीय आम्हाला."

दुपारपासून बहीणभावाचं एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर. ते मोडायची चष्मेवाल्यांची हिंमत झाली नाही.