धाकू पाणी घेत नाही

धाकू कुणाच्या ओटीवर येऊन बसला आणि "पाणी नको" म्हणाला, की समजायचं, त्या घरातल्या पोरीची शाळा बंद केली आहे.

आमच्या पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत, आंबेनळीच्या रस्त्याला, आल्यागेल्याला आधी पाण्याचा तांब्या, मग चौकशी. वैरीसुद्धा दारात आला तर घोटभर पितो आणि मग भांडतो. पाणी न घेता माणूस उठला तर त्या घराची अब्रू गेली. लोक म्हणणार, काहीतरी खोट हाय तिथं. धाकूनं ह्याचंच हत्यार केलं. ओरडणं नाही, शिवी नाही. काखेत आपली बाटली घेऊन यायचं, खांबाला टेकून बसायचं, तांब्या आला की हात जोडायचे. "पाणी नको गो. पोर शाळेत जाऊ दे, मग हंडाभर पितो." आणि त्या बाईच्या देखत आपल्या बाटलीतला घोट घ्यायचा! बाई तिथंच अर्धी होते.

हा माझा शेजारी. माझ्याच वयाचा. मुंबईला कुठल्याशा कँटीनमध्ये जन्मभर चहा उकळला आणि म्हातारपणी परत आला. लग्न केलं नाही. शाळा माझ्याएवढीच, म्हणजे चौथीच्या अलीकडची. बोलतो मात्र अर्धं हिंदी. "टेन्शन नाय लेनेका, नाना." मला टेन्शन त्याचंच.

मला तो बघवत नाही. आमची पारू, माझी बायको, शिमग्यानंतर गेली. ती होती तेव्हा मला चहा मागावा लागायचा. धाकूला न मागता मिळायचा, वर आलं ठेचून. मी कुरकुरलो की म्हणायची, "तो निदान कुणासाठी तरी बसतो. तुम्ही नुस्तेच बसता." जन्मभर नांगर मी धरला, आणि शाबासकी बसणाऱ्याला!

सकाळच्या एसटीनं पोरी कॉलेजला जातात. थांब्यावर तो असतो, मीही असतो. खिडकीतून हात बाहेर येतात आणि ओरडतात काय, तर "धाकूकाकाऽ!" मी काय तिथला मैलाचा दगड?

यंदा पाळी आमच्या घराची आली. माझा पुतण्या संतोष, त्याची सायली चांगले मार्क घेऊन दहावी पास झाली. तिला महाडला होस्टेलवर राहून पुढं शिकायचं होतं. संतोष म्हणाला, "बस झालं. दासगावचं स्थळ आलंय. आता बघून ठेवू, अठरा भरली की लगीन." पारू गेल्यापासून माझं ताट सायलीच आणून द्यायची. भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं, तेव्हा मला कळलं की पोर रडते आहे.

धाकू बाटली घेऊन हजर. वहिनीनं, म्हणजे संतोषच्या आईनं, पाणी आणलं. नको. ताक आणलं. नको. कोकमचं सरबत. नको. शेवटी फ्रिजमधला थंडा आणला. त्याच्याकडे धाकूनं जरा जास्तच बघितलं. मला वाटलं, पडला आता. पण नाही.

"भावजी, माझ्या घराला बट्टा कशाला लावताय?"

"बट्टा जाईल, वहिनी. पोरीचं वरीस गेलं की येणार नाय."

संतोष तापला. "काका, उठा. नायतर उचलून बाहेर ठेवीन."

"ठेव. हलका हाय मी. फक्त दारासमोर ठेव."

रोज सकाळी यायचा, दिवस मावळला की जायचा. आणि रविवारी दासगावचे पाहुणे आले तेव्हाही तो खांबाला टेकूनच होता. मुलगा, त्याचा बाप, मामा, सगळे ओटीवर बसले. संतोषची बायको पाण्याचे पेले घेऊन बाहेर आली. आमच्यात पाणी आधी वडीलधाऱ्याला. ती बिचारी घाबरलेली, हात सवयीनं गेला तो थेट धाकूसमोर.

"नको गो, सूनबाई."

दासगावच्या मामानं पेला उचलला होता. तो ओठापाशीच थांबला. "हे घरचेच ना? मग पाणी का घेत नाहीत?"

धाकूच बोलला, "घर चांगलं हाय. पोर त्याहून चांगली. तिला शिकायचंय, म्हणून मी घेत नाय. तुम्ही घ्या की."

आता कोण घेतो? पेले खाली आले. मुलाच्या बापानं दाराकडे बघून विचारलं, "काय गो बाय, शिकायचंय तुला?"

आतून आवाज आला, "होय." बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"मग शिकू द्या. आमचा पोरगा कुठं पळत नाय." पोरग्याचं तोंड मात्र पळून जाण्यासारखंच झालं होतं.

संध्याकाळी संतोषनं माळ्यावरची बॅग काढली, धूळ झटकली. मग पोरीला म्हणाला, "बॅग भर." जाताना सायली पाया पडली. आधी धाकूच्या, मग माझ्या. सख्ख्या चुलत आजोबाचा नंबर दुसरा!

ती गेली. तिच्या आधीच्याही गेल्याच, महाडला, मुंबईला. शिकलेली पोर वाडीत कशाला राहील?

परवा म्हैस हुडकत घाटाच्या वळणापर्यंत चढलो. फोनला रेंज तिथंच येते. बघतो तर धाकू दगडावर, हातात मोबाईल. म्हटलं, झालं, ह्याला पोरींचे फोन येत असणार. झाडाआड उभा राहिलो, ऐकायला. बराच वेळ उभा होतो. फोन काही वाजला नाही.

शेवटी त्यानंच मला बघितलं. "नाना, जरा मिस कॉल दे रे. बिघडलाय वाटतं."

त्याच्या शेजारी बसून दिला. फोन खणखणीत वाजला. तो वाजत्या फोनकडे बघत राहिला.

"चालू हाय," म्हणाला.

मी बंद करणार, तेवढ्यात त्यानं उचलला आणि कानाला लावला. "हॅलो. बोल."

"अरे, मी इथंच बसलोय. काय बोलू?"

"काय पण बोल."

मग मी पारूचं बोललो. शेवटी शेवटी तिला पेजसुद्धा उतरत नव्हती, आणि मी तिच्यावरच ओरडायचो, खा म्हणून. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तो खाली दरीकडे बघत "हां... हां..." करत होता. दोघांच्या मध्ये हातभर अंतर होतं. फोन कुणीच ठेवला नाही.