न विचारता आलेला पाव्हणा

“तुला कुणी बोलावलं? विचारलंस का मला?”

खालच्या मजल्यावरून आवाज आला आणि मी जिन्यातच थांबले. महानंदा काकू कुणाला तरी झापत होत्या आणि समोरचा हूं की चूं करत नव्हता. मला वाटलं, पाण्याचा फिल्टर विकणारा असेल. मागे एकजण असाच त्यांच्या तावडीत सापडला होता. मी चार पायऱ्या उतरून डोकावले. खोलीत काकूंशिवाय कुणीच नव्हतं. पदर खोचून, पिठाचे हात कमरेवर ठेवून त्या कॉम्प्युटरसमोर उभ्या होत्या. पडद्यावर एक नारिंगी रंगाची खरेदीची ढकलगाडी नाचत होती.

सात रस्त्याजवळच्या आमच्या इमारतीत कुणी नवीन राहायला आलं की त्याला दोन गोष्टी आधी सांगतात. पाणी कधी येतं आणि काकूंच्या घरात कसं जायचं. काकूंचं दार सकाळपासून सताड उघडं असतं. पडदा नाही, जाळी नाही, बेल तर त्यांनी स्वतः स्क्रू काढून उपटलेली आहे. आत भाकऱ्यांची चळत दिसते, शेंगाच्या चटणीचा वास जिन्यात येतो. पण उंबरठा कुणी ओलांडत नाही. बाहेर उभं राहायचं, नाव सांगायचं, काम सांगायचं आणि “येऊ का?” म्हणून विचारायचं. मग काकू क्षणभर विचार करतात आणि म्हणतात, “बा.” हे कानडीतलं ‘ये’. त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं. महत्त्वाचं बोलणं त्यांच्या तोंडून कानडीतच निघतं.

त्यांचे सख्खे थोरले भाऊ एकदा ज्वारीचं पोतं घेऊन आले आणि सवयीने सरळ आत शिरले. काकूंनी त्यांना पोत्यासकट परत जिन्यात उभं केलं.

“काय काम काढलं?”

“अगं, जेवायला आलोय की.”

“मग तसं विचार की.”

विचारल्यावर मात्र त्यांना इतकं वाढलं, की बिचारे संध्याकाळपर्यंत जिना उतरू शकले नाहीत. इमारतीतली मांजरसुद्धा दारात बसून म्याव करते आणि ‘बा’ ऐकल्याशिवाय पाय आत टाकत नाही. काकू स्वतःही हा नियम मोडत नाहीत. देवळात गेल्या तरी पायरीवर थांबून “येऊ का?” म्हणतात. मग थोडं थांबून आत जातात. उत्तर काय येतं, हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

हे सगळं यजमान गेल्यानंतर सुरू झालं, असं आई सांगते. तेव्हा घर नातेवाइकांनी भरलं होतं. कुणी कपाटं उघडत होतं, कुणी पुढची खोली भाड्याने द्यायचं ठरवत होतं, कुणी शिलाई मशीन कुठे जाईल ते बोलत होतं. काकू स्वयंपाकघरात बसून सगळं ऐकत होत्या. एके दिवशी त्या बाहेर आल्या, सगळ्यांना चहा दिला आणि सगळ्यांना घालवलं. तेव्हापासून उंबरठा.

मला हा नियम जड गेला नाही, कारण दारात गप्प उभं राहणं मला फार चांगलं जमतं. माझी शाळा इंग्लिश मीडियमची. मराठी मनात पूर्ण येतं, पण ते तोंडापर्यंत पोचेस्तोवर समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असतो. मी घरून काम करते, तेही ग्राहकांच्या तक्रारींना टाइप करून उत्तरं देण्याचं. आईने दिलेली वाटी घेऊन मी काकूंच्या दारात नुसती उभी राहायची. काकू मान वर करून म्हणायच्या, “आली बघा आमची मुकव्वा. बा.” मला कधी विचारावंच लागलं नाही. अख्ख्या इमारतीत ही सवलत फक्त मला आणि मांजरीला.

तर ती नाचणारी ढकलगाडी.

काकूंच्या कडक भाकऱ्या आणि चटणी सोलापूर सोडून गेलेल्या लोकांना कुरिअरने जातात. ऑर्डरी ईमेलवर येतात. मुलाने, प्रसन्नाने, पुण्याला जाताना कॉम्प्युटर बसवून दिला आणि काकू एका बोटाने का होईना, पण व्यवस्थित धंदा करू लागल्या. आता मात्र ईमेल उघडली की त्यावर ही गाडी यायची. काही शोधायला जावं तर भलतंच पान उघडायचं आणि तिथे बक्षिसाचं चाक फिरायचं. दोन ऑर्डरी या गोंधळात राहून गेल्या. एका बाईंनी लेकीच्या डोहाळजेवणासाठी भाकऱ्या मागवल्या होत्या. काकूंना ते फार लागलं.

प्रसन्नाने फोनवर निकाल देऊन टाकला. आई, पुरे झालं आता. रविवारी येतो, कॉम्प्युटर घेऊन जातो. ऑर्डरी बंद कर आणि पुण्याला चल. काकूंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या आणि ती भाकरी नेहमीपेक्षा पातळ झाली.

“त्यानं विचारलं न्हाय,” त्या म्हणाल्या. “सांगितलं.”

मी खुर्चीवर बसले. ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात कोड्याच्या तुकड्यासारखं एक चिन्ह असतं. ते दाबल्यावर आत कोण कोण राहतंय ते दिसतं. एक एक्स्टेन्शन होतं, नारिंगी गाडीचं. काकूंनी ते बसवलेलं नव्हतं. त्याच्या नावाखाली लिहिलं होतं, की सगळ्या पानांवरचा मजकूर ते वाचू आणि बदलू शकतं. मी ते मराठीत सांगितलं.

“वाचू शकतं? माझी पत्रं?” काकू खाली बसल्या. “माझ्या सासूनं कधी वाचली न्हाईत.”

त्या दिवसापासून त्याचं नाव पाव्हणा पडलं. मी ‘काढा’वर बोट ठेवलं. तेव्हा छोटी चौकट आली, खरंच काढायचं का, असं विचारणारी. काकू खुश झाल्या. “बघ की. येताना न्हाय विचारलं. जाताना विचारतंय.” आणि त्यांनी स्वतः, पिठाचं बोट पदराला पुसून, बटण दाबलं. पाव्हणा गेला. मला शेंगाची पोळी मिळाली.

दुसऱ्या दिवशी तो परत आला.

आम्ही परत काढला. त्या कॉम्प्युटरमध्ये कुठला फुकटचा प्रोग्राम लपलाय का, तेही मी पाहिलं. काही नव्हतं. ब्राउझरची सगळी मांडणी मूळपदावर आणली. संध्याकाळी गाडी पुन्हा नाचायला लागली. काकूंनी पाळत ठेवायचं ठरवलं. भाकरीचा पाट उचलून थेट कॉम्प्युटरसमोर मांडला आणि थापता थापता पडद्याला दम देत राहिल्या. खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघून विचारायचं, कोण भांडतंय. दुकानदार सांगायचा, काही नाही, काकूंकडे पाव्हणे आलेत.

शनिवारी दुपारी मी तक्रारींना उत्तरं टाइप करत होते आणि एकदम माझ्या लक्षात आलं. पाव्हणा सकाळी कधीच येत नाही. कॉम्प्युटर चालू केल्यावरही येत नाही. तो संध्याकाळी येतो, शाळा सुटायच्या सुमाराला. मी काम अर्धवट टाकून खाली पळाले. चप्पल घालायची राहिली.

कारण साधं होतं. सेटिंग्जमध्ये दिसलं, की काकूंचं ब्राउझरमधलं खातं आणखी एका मशीनवर चालू आहे. प्रसन्नाने बसवताना आपल्या जुन्या लॅपटॉपवरही तेच खातं उघडलं असणार. काकू म्हणाल्या, आता तो लॅपटॉप त्याच्या मुलीकडे, सृष्टीकडे असतो. तिने कुठला तरी फुकट गेम घेतला असणार. लॅपटॉप चालू झाला की तो गेम पाव्हण्याला बसवायचा आणि एकाच खात्याच्या वाटेने पाव्हणा पुण्याहून सोलापूरला यायचा. तिकीट न काढता.

मी म्हणाले, काही अवघड नाही, ही वाट तोडून टाकू. एक बटण आहे.

काकू उठल्या आणि तवा बघायला गेल्या. गॅस बंद होता. तव्यावर काही नव्हतं.

“थांब जरा,” त्या तिथूनच म्हणाल्या.

भावाला पोत्यासकट बाहेर काढणारी बाई एका बटणासाठी थांबली होती. मग त्या आल्या, माझ्या शेजारी बसल्या आणि वरच्या पट्टीत एका बोटाने एक अक्षर टाइप केलं. खाली आधी शोधलेल्या गोष्टी उतरल्या. मला एकदम आठवलं. रोज सकाळी, पीठ मळायच्या आधी, काकू चष्मा लावून असंच एखादं अक्षर टाइप करून बघत बसायच्या. मला वाटायचं, टायपिंग शिकतायत.

त्या काकूंनी शोधलेल्या नव्हत्या, त्याच वाटेने पुण्याहून आलेल्या होत्या. सगळं इंग्रजीत होतं आणि काकूंनी ते अक्षर अक्षर जुळवून वाचलेलं होतं. गोंदाशिवाय स्लाइम कसं करायचं. मांजरी खोक्यात का बसतात. सोलापूरला फार ऊन असतं का.

“फोनवर हाय अज्जी, बाय अज्जी, झालं. फोन बापाकडं,” काकू म्हणाल्या. “हितं मात्र रोज भेटती.”

मग त्यांनी दुसरं अक्षर दाबलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सृष्टीने विचारलं होतं, आजीशी फोनवर काय बोलायचं.

“हे वाचलं त्या दिवशी मीच फोन लावला. मलाबी काय बोलायचं सुचलं न्हाय.”

मी माझ्या परीने मधला मार्ग काढला. वाट पूर्ण तोडायची गरज नाही. फक्त एक्स्टेन्शनची ये-जा बंद करता येते. बाकीचं दिसत राहील. काकूंनी ते ऐकून घेतलं. पडद्याकडे पाहिलं, मग दाराकडे, स्वतःच्या उंबरठ्याकडे.

“म्हंजे पाव्हणा बंद. आणि मी पोरीकडं जातच ऱ्हाणार. न विचारता.” त्यांनी पदर खोचला. “फोन लाव प्रसन्नाला. तोंड दिसतंय तसला.”

पुढचा प्रसंग मी जन्मभर विसरणार नाही. प्रसन्नदादा समोर येताच म्हणाला, आई, उद्या सकाळीच निघतोय, सामान बांधून ठेव.

“प्रसन्ना,” काकू म्हणाल्या, “चोर तुझ्या घरातनं येतोय की.”

माझ्याकडून एकेक पायरी ऐकून त्यांनी मुलाला हुकूम सोडले. लॅपटॉप आण. कंट्रोल पॅनल उघड. गेम काढ. आता कोपऱ्यातलं चिन्ह दाब, पाव्हणा काढ. विचारेल तुला, हो म्हण. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेला दादा “हो आई, काढला आई” करत होता. इकडे मी एक्स्टेन्शनची ये-जा बंद केली. मग आम्ही ब्राउझर बंद करून उघडला. ईमेल स्वच्छ दिसली. वर एक नवीन ऑर्डर वाट बघत होती, हैदराबादहून. काकूंनी ती मोठ्याने वाचून दाखवली, पत्त्यासकट.

दादाने पत्ता शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाला, “उद्या येऊ का नुसतं? जेवायला?”

“आता विचारलंस,” काकू म्हणाल्या. “बा.”

मग त्यांनी सृष्टीला बोलवायला सांगितलं. पडद्यावर दोन वेण्या आणि एक घाबरलेला चेहरा आला. गेम गेल्याचं तिला कळलं होतं. हाय अज्जी, ती म्हणाली आणि पुढचं काही सुचेना म्हणून वेणी चघळायला लागली. काकूंनी घसा साफ केला. उघडं दार, समोर नात, आणि अख्ख्या इमारतीला विचारायला लावणाऱ्या काकूंच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांचं पिठाचं बोट टेबलावर गोल गोल फिरत राहिलं. सृष्टी बाय म्हणायच्या बेतात होती, ते मला दिसलं. तो चेहरा मला चांगला ओळखीचा होता.

मी खुर्ची पुढे ओढली.

“सृष्टी,” मी म्हणाले, “तू रोज काय काय शोधतेस ते अज्जीला इथे दिसतं. तिला ते फार आवडतं. पण न विचारता बघायचं नाही, असा तिचा नियम आहे. म्हणून ती तुझ्या दारात उभी आहे. तिला आत येऊ देशील?”